चौदा नावं, पाच घोडी

साडेसहा वाजले तरी देवगाव रंगारीच्या माळावर पाचच घोडी उभी होती. चाळीस किलोमीटरच्या दौडीला नावं मात्र चौदा जणांनी दिली होती.

"दहा घोडी नसतील तर कंपनी पैसे देणार नाही, श्रीधर सर. करारातच आहे," कालिंदी म्हणाली. पशुखाद्याच्या कंपनीतून ती कॅमेरा घेऊन आली होती.

श्रीधर जोशीनं कपाळावर हात मारून घेतला. घोड्यांचे ठोके मोजायला दोन डॉक्टर, अ‍ॅम्ब्युलन्स, वाटेवर पाण्याचे टँकर, सगळ्यांचे पैसे आगाऊ देऊन झाले होते. त्यासाठी गडी प्रॉव्हिडंट फंड मोडून बसला होता. त्यावरून घरी वडिलांशी कडाक्याचं भांडण. यंदा दौड आपला खर्च आपण काढेल, असं त्यानं ठणकावून सांगितलं होतं. तेव्हापासून बापलेकांचं बोलणंच बंद.

तेवढ्यात कडूबा आला, झूल आणि गोंडे घालून सजवलेल्या घोडीवरून. उतरून त्यानं छातीवर लावायचा नंबर परत दिला.

"माफ करा साहेब. आज तात्यासाहेबांच्या पोराचं लगीन हाय. मिरवणुकीला नऊ घोडी सांगितली त्यांनी."

"अहो, शब्द दिला होतात तुम्ही!"

"व्हय, दिला. पर तिथं तासभर नाचवलं की पाच हजार. इथं चार तास पळवायचं, वर फी बी आमीच भरायची. अन् ऐन लग्नसराईत ही तारीख काढली कुनी?"

"मी. डॉक्टरांना आजच सुट्टी होती."

"जोशी ना तुमी? पंचांग नाय बघितलं व्हय? तुमच्याच वडलांनी काढलाय की हा मुहूर्त! लगीन बी तेच लावनार."

श्रीधरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ओरडणार कोणावर? भटजीच्या घरात जन्मून आपण कधी पंचांग उघडलं नाही, याचा केवढा तोरा होता त्याला! चांगली जिरली.

कालिंदी बॅनर सोडायला लागली. श्रीधर कडूबाच्या जवळ सरकला. आवाज एकदम खाली आला.

"कडूबा, एक करा. बाबांना सांगू नका. पाचच आली म्हणून."

कडूबानं रिकिबीत पाय घातला.

"म्या कशाला सांगू साहेब? तुमच्या यादीतली नऊच्या नऊ घोडी मांडवाच्या दारात त्यांच्या म्होरंच नाचनार हायेत."