दाराआडचा चेलो

"संगीत अमर आहे!" असं गोथेनबर्गच्या सभागृहात विद्याधर टिपणीसांनी गरजून सांगितलं आणि माईक बंद पडला. पुढचं भाषण फक्त पहिल्या रांगेपर्यंत पोचलं. पण त्या रांगेत आपली मराठी मंडळी बसलेली असल्यामुळे तीही बोलतच होती.

तरुण नॉर्डिक चेलोवादकांसाठीची ही शिष्यवृत्ती टिपणीसांनी चेलो वाजवणाऱ्या आपल्या मुलाच्या, निषादच्या नावाने सुरू केली होती. निषाद गेला त्या दिवसापासून सुमेधाताईंनी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नव्हतं. नवराबायको ब्रेड-चीजवर दिवस काढत होते. स्वीडिश लोक त्यावर शतकानुशतकं आनंदात जगत आले आहेत. टिपणीस नुसते जगत होते.

संध्याकाळी शिष्यवृत्तीची पहिली मानकरी, टूवा, चेलो घेऊन घरी आली. दिवाणखान्यात बसून, डोळे मिटून तिने असं काही वाजवलं, की विद्याधरांनी चष्मा काढून ठेवला.

"कसं वाटलं गं?" त्यांनी भीतभीत बायकोला विचारलं.

"छान. पण तो असा समोर बसून कधी वाजवायचा का?"

टूवाला मराठी कळलं नाही, चेहरा कळला. "माझं काही चुकलं का?"

"नाही गं बाळा," सुमेधाताई स्वीडिशमध्ये म्हणाल्या. त्या उठल्या आणि स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन थबकल्या. "फक्त एक करशील? त्याच्या खोलीत जा, दार लावून घे, आणि नुसता सराव कर. तीच तीच ओळ, चुकतमाकत. मी तेवढ्यात कुकर लावते."