गब्ब्याचा घास

"सर, कुत्र्यांना चॉकलेट वाईट ही अफवा तुम्हीच पसरवलीत ना? सगळं माणसांनाच मिळावं म्हणून?" मैत्रिणींच्या पैजेखातर शर्वाणीने शाळेत आलेल्या जनावरांच्या डॉक्टरांना विचारलंच.

डॉक्टर हसले. "अफवा नाही गं बाई! डार्क चॉकलेटने तर झटके येऊन कुत्रा दगावतो."

घरी पोचते तर काय, दुबईहून काकाने पाठवलेला डार्क चॉकलेटचा डबा उघडलेला! घरात गोड आलं की पहिला घास गब्ब्या कुत्र्याला, हा बाबांचा नेम. तुकडा त्याच्या तोंडाशी पोचलाच होता. शर्वाणीने दप्तरासकट झेप घेतली आणि तो स्वतःच्याच तोंडात कोंबला.

"अगं, मुक्या जिवाच्या तोंडचा घास हिरावतेस?" आई कडाडली.

"विष आहे हे त्याला! आई, बाबा, ठरलं," ती भरल्या तोंडाने म्हणाली, "यापुढे त्याच्या वाटचं सगळं विष मीच पचवणार!"