चौथी चौकट

आईने ‘मूळ संख्या’ची तिसरी चौकट भरली आणि लेकीचा जीव भांड्यात पडला. व्याख्या बरोबर होती. गुणधर्म बरोबर होते. उदाहरणांत दोन, तीन, पाच, सात ओळीने उभे होते. सकाळी हीच बाई स्वतःची चप्पल फ्रीजमध्ये ठेवून आली होती.

भाऊ पाच वाजता येणार होता. वृद्धाश्रमात एक खोली रिकामी झाली होती आणि उत्तर आजच द्यायचं होतं. आई आता कुणालाच ओळखत नाही, असं त्याचं म्हणणं. मला ओळखते, असं हिचं. फोनवर दोघांची चांगलीच जुंपली. शेवटी लेकीने सांगून टाकलं, की आज आईने मला ओळखलं तर ती इथेच राहील, नाहीतर तू म्हणशील तसं. बोलून गेली खरी, आणि फोन ठेवल्या ठेवल्या कोरे कागद शोधायला लागली.

तोंडी विचारायची सोय नव्हती. ‘मी कोण?’ म्हटलं की आई आधी ओशाळायची, मग चिडायची. पण कागद पुढे आला की तिचा हात अजून चालायचा. तीस वर्षं सातवीला गणित शिकवलं होतं तिने, आणि तेही या चौकटींनी. कागदाच्या मधोमध गोल, गोलात शब्द. भोवती चार चौकटी: व्याख्या, गुणधर्म, उदाहरण आणि ‘हे नव्हे’. पोरं पहिल्या तीन पाठ करून यायची आणि चौथीत काहीतरी कोंबायची. मग बाईंच्या तोंडाचा पट्टा सुटायचा. मूळ संख्येच्या चौथ्या चौकटीत शंभर लिहिणाऱ्याला त्या तासभर उभं करायच्या. शंभर मूळ नाही हे शेंबड्या पोरालाही कळतं. तिथे असं हवं, जे अगदी तसंच दिसतं, पण ते नसतं.

आताही आईने चौथ्या चौकटीत ठसठशीत ‘१’ काढला.

“इथेच फसतात सगळे,” ती म्हणाली. आवाज अगदी वर्गातला होता.

लेकीने तो कागद बाजूला सारला आणि नवा पुढे ठेवला. यातल्या गोलात तिने आधीच लिहून ठेवलं होतं, ‘माझी मुलगी’. आईने बराच वेळ तिकडे पाहिलं. पेन्सिलीला टोक केलं. कचरा फुंकरीने उडवला. मग लिहायला लागली.

व्याख्या: माझं शेंडेफळ. गुणधर्म: हनुवटीवर तीळ. पेन्सिल चावते. अपूर्णांक आले की रडते. उदाहरणाच्या चौकटीत तिने लेकीचं नाव लिहिलं. पूर्ण नाव, आडनावासकट, एकही वेलांटी न चुकवता.

लेकीला हुंदका आवरेना. दोन महिन्यांत ते नाव तिने आईच्या तोंडून ऐकलं नव्हतं. तिने फोन उचलला आणि भावासाठी एकच शब्द टाइप केला, ‘ओळखलं’. पाठवायला अंगठा टेकवणार तोच आईने तिचं मनगट धरलं.

“थांब, बाई. एक चौकट राहिली.”

आई पुन्हा कागदावर वाकली. मध्येच मान वर करून तिने लेकीचा चेहरा नीट निरखला. कपाळ, डोळे, हनुवटी. आकृती तपासताना बघायची तसं. मग सावकाश दोन ओळी लिहिल्या आणि कागद फिरवून तिच्यापुढे सरकवला.

‘समोर बसलेली बाई. तीळसुद्धा आहे हिला.’

लेकीने फोनवरचा शब्द एकेक अक्षर करून पुसला. तिच्या डोळ्यांतलं पाणी पाहून आईला तिची दया आली. तिने तिच्या पाठीवर हात ठेवला.

“रडू नये,” ती समजुतीने म्हणाली. “इथेच फसतात सगळे.”