सरांच्या मागून

"सर, हे बघा," मी त्यांच्या खाटेवर लॅपटॉप ठेवला. राज्यभरातल्या माणसांचं इंग्रजी बोलणं ऐकून संगणकाने हेलानुसार नकाशा रंगवला होता. गडचिरोली सगळं हिरवं, मध्येच आमचं गाव तेवढं रत्नागिरीसारखं निळं. माझे पीएचडीचे गाइड म्हणाले, चूक आहे, काढून टाक. मी कशाला काढतेय! आमच्या गावाला इंग्रजी शिकवलं ते रत्नागिरीहून आलेल्या या एकाच माणसाने.

"मामांना कळतं सगळं," त्यांची सून म्हणाली, "पण झटका आल्यापासून शब्द फुटत नाही."

मी आमच्या वर्गातल्यांचे रेकॉर्ड केलेले आवाज लावले. सर दचकले, सगळ्यांच्या तोंडी त्यांचाच हेल होता. वर्गात ते एक वाक्य म्हणायचे, आम्ही त्यांच्या मागून म्हणायचो. शेवटच्या बाकावरचा मुलगा अडखळून मान खाली घालायचा, तर त्याचं होईपर्यंत सर पुढे जायचे नाहीत.

आता सरांचे ओठ आमच्या मागून हलू लागले. पहिलंच वाक्य जमेना, आणि लॅपटॉप पुढच्यावर गेलासुद्धा.

मी घाईने तो थांबवला. "सावकाश, सर. मी थांबते."

सरांनी मान खाली घातली, शेवटच्या बाकावरच्या मुलासारखी.