पहिल्या तुकड्याचा जोर

'पान-ने-कूक' म्हणायला हारमेनने तोंड उघडलं आणि 'पान'वरच त्याचा आवाज फाटला. पुढे नुसती हवा आली. दोर धरून उभे असलेले तीस गडी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. ओकचा जड ठोकळा खांबाच्या डोक्यावर बसून राहिला, आणि खांब अर्धा चिखलात, अर्धा बाहेर.

ॲमस्टरडॅमच्या चिखलात घर उभं करायचं तर आधी खालच्या वाळूपर्यंत खांब ठोकावे लागतात. ठोकळा सगळ्यांनी एकाच क्षणी वर ओढायचा आणि सोडून द्यायचा. तो क्षण सांगायचं काम हारमेनचं. तिथल्या भाषेत शब्दाला शब्द जोडून हवा तेवढा लांब शब्द होतो. पण डबे कितीही जोडले तरी गाडी इंजिनानेच ओढायची, तसा जोर पहिल्या तुकड्यावर. 'पान'वर ओढा, 'ने-कूक'वर सोडा. पॅनकेक झाला आणि ठोकाही.

गडी दमले की हारमेन शब्द लांबवायचा. हा-रिंग-टोन-नेन-मा-कर्स-क्नेख्त, म्हणजे हेरिंग मासळीची पिपं करणाऱ्याचा गडी. 'हा'वर ओढायचं आणि उरलेल्या शेपटीत दम खायचा. एकदा त्याने एवढा लांब शब्द जोडला की शेपटी संपेपर्यंत दोघांचे पाइप ओढून झाले आणि तिसऱ्याची दाढी वाढली. आवाज तर असा, की कालव्यापलीकडच्या पिपातल्या खारवलेल्या मासळ्या कूस बदलायच्या.

एवढा आवाज तो एका खिडकीसाठी लावतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. शेजारच्या घरात वरच्या मजल्यावर याकोमिना शिवणकाम करायची. हारमेन रोज सकाळी टोपी काढून तिला नमस्कार घालायचा. ती खिडकीच्या चौकटीवर तळहात टेकून त्याच्या तोंडाकडे टक लावून बघायची. बोलायची मात्र एक अक्षर नाही.

"राणीसाहेब आहेत त्या," दोरावरचा एक गडी, वीबे, म्हणायचा. "आपल्याशी बोलल्या तर जीभ झिजेल त्यांची."

आज मात्र थट्टेची वेळ नव्हती. बिअरवाले मालक कॉर्नेलिस काठी आपटत पुढे आले. "संध्याकाळपर्यंत हा खांब वाळूला टेकला नाही, तर उद्या इथे वाफेचं यंत्र येईल. त्याचा घसा बसत नाही."

अर्ध्यावर थांबलेल्या खांबाला चिखल घट्ट धरून ठेवतो. थांबून चालणार नव्हतं. हारमेनने घशावर हात ठेवला, डोळ्यांनीच सगळ्यांकडे भीक मागितली.

"मी देतो हाक," वीबे म्हणाला. "त्यात काय एवढं?"

पण हाक द्यायला उभा राहिला आणि त्याच्या डोक्यातले सगळे शब्द पळाले. एकच उरला. "स्टाट-हाउस," तो ओरडला.

नगरपालिकेची कचेरी. जोडशब्दांच्या कळपातला हा उनाड. जोर दुसऱ्या तुकड्यावर घेतो. हारमेनने त्याला कामावर बंदी घातली होती, ती उगाच नाही. निम्म्या गड्यांनी सवयीने 'स्टाट'वर ओढलं, निम्म्यांनी 'हाउस'वर. ठोकळा वाकडा उठला, वाकडाच पडला, आणि खांबाच्या डोक्याची उडालेली ढलपी वीबेची टोपी घेऊन कालव्यात गेली.

"तुला कोणी सांगितलं कचेरी आणायला?" शेजारचा गडी ओरडला.

"काल लग्नाची नोंद करायला गेलो होतो तिथे," वीबे टक्कल चाचपत म्हणाला. "तीच डोक्यात बसलीय."

"मग बायकोलाही वाकडाच पडणार तू," तोच गडी म्हणाला.

मालकांनी घड्याळ काढलं. हारमेन चिखलातच खाली बसला.

तेवढ्यात वरून तवा वाजला. एक जोराचा, दोन हलके. याकोमिना खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर आली होती. एका हातात तवा, दुसऱ्यात डाव. पुन्हा एक जोराचा, दोन हलके. कोणी काही ठरवलं नाही. तीस जोडी लाकडी बूट एकदम आपटले, दोर ताणले, ठोकळा सरळ वर गेला आणि सरळ खाली आला.

मग थांबणं नाही. एकाला त्यात पॅनकेक ऐकू आला, दुसऱ्याला मासळीचं पीप, पण ओढताना सगळे एकच. गडी दमले की ती जोराच्या ठोक्यामागे हलक्यांची लांब शेपटी लावायची, अगदी हारमेनसारखी. उन्हं उतरायच्या आत ठोकळा ठण्णकन वाजून परत उडाला. खांब वाळूला टेकला होता. मालकांनी घड्याळ खिशात टाकलं. "उद्या वेळेवर या," एवढंच म्हणाले, पण ते 'या' होतं.

हारमेनने तोंड धुतलं, टोपी हातात घेतली आणि शेजारच्या घराचा जिना चढला. दारावर ठोकलं. उरल्यासुरल्या आवाजात हाक मारली. आत काही हललं नाही. पुन्हा ठोकलं. मान खाली घालून तो अर्धा जिना उतरला, तेव्हा खालची ग्रीतमावशी बटाटे सोलता सोलता म्हणाली, "दार झिजेल बाबा. सात वर्षांची असताना ताप आला, तेव्हापासून तिला काही ऐकू येत नाही."

हारमेनने घोगऱ्या आवाजात विचारलं, "मग तो तवा? रोज खिडकीत बसून ऐकते ना ती?"

"ऐकते कुठली. तुझं तोंड बघते. बाकीचं तळहाताने कळतं तिला. तुम्ही पाय आपटता, तेव्हा माझ्या कपाटातल्या बशाही नाचतात."

हारमेन तिथेच बसला. मग त्याने पायातला एक लाकडी बूट काढला आणि पायरीवर आपटला. एक जोराचा, दोन हलके.

वर खुर्ची सरकली. तव्यावर ठोका पडला, एक जोराचा, मागून दोन हलके, आणि दार उघडलं.