काठावरचा संत

फडकं ओढलं आणि नव्या होडीवर निळ्या अक्षरांत नाव दिसलं : सान तेल्मो. दोरिंदाच्या हातातली वाईनची बाटली हातातच राहिली.

होडी तिच्या मुलाची, अमारोची. धर्ममाता ती स्वतः. धर्ममातेनं मोठ्यानं नाव घ्यायचं, बाटली फोडायची, मगच होडी पाण्याला लागायची. या किनाऱ्यावर बिननावाची होडी कुणी उतरवत नाही. आणि हे नाव तर नवरा बुडाल्यापासून दोरिंदाच्या तोंडून कुणी ऐकलंच नव्हतं. त्याची होडीही सान तेल्मोच. सान तेल्मो हा दर्यावर जाणाऱ्यांचा रखवाला संत, म्हणून गावात धक्का सान तेल्मो, बार सान तेल्मो, फुटबॉलचा संघसुद्धा सान तेल्मो. ती आपली ‘तो धक्का’, ‘तो बार’ म्हणून वेळ मारून नेई.

“मला विचारलं का नाहीस?”

“तू नको म्हणाली असतीस, आई. बाबांची होडी बुडाली म्हणून तिचं नावही बुडवायचं?”

भरती ओसरू लागली होती.

“घे बाई नाव,” शेजारीण मागून म्हणाली. “पाणी काय तुझ्यासाठी थांबणार आहे?”

फादर एलिसेओ पुढे आले. वरच्या चॅपलमधून खांद्यावरून आणलेली संताची लाकडी मूर्ती त्यांच्या शेजारी उभी होती. “दोरिंदा, यात संताचा काय दोष?”

दोरिंदानं हातातली बाटली मूर्तीकडे रोखली.

“दोष कसा नाही? माझा माणूस बुडाला तेव्हा हा वर कोरडाठाक उभा होता. चढवा याला होडीत.”

“अगं, पण मूर्ती भिजेल, खराब होईल.”

“होऊ दे. माझ्या पोराच्या होडीला याचं नाव देताय ना, मग यालाही जाऊ दे पोराबरोबर.”

कुणी हललं नाही. शेवटी अमारोनंच मूर्ती उचलली, होडीत नेली आणि डोलकाठीला दोरानं बांधली. दोरिंदा शिडीवरून होडीत चढली. गाठ तिनं स्वतः ओढून पाहिली, सैल वाटली म्हणून पुन्हा बांधायला लावली.

मग ती खाली उतरली; अमारो होडीतच थांबला.

“सान तेल्मो,” तिनं नाव घेतलं आणि बाटली फोडली. होडी सरकू लागली, लोकांनी टोप्या काढल्या. दोरिंदा गुडघाभर पाण्यात तशीच चालत गेली.

“दोघंही परत या,” ती म्हणाली.