केळीच्या कडेची इसाले

नाएलीने इसालेचं शेवटचं रोप उपटलं आणि पाटाच्या पाण्यात भिरकावलं.

"पुन्हा लावलंस तर बोटं छाटीन, न्देसारिओ!" पलीकडच्या केळीत उभ्या असलेल्या धाकट्या दिरावर ती ओरडली. "भाऊ घरात नाही म्हणून त्याच्या बायकोची जमीन गिळतोस?"

न्देसारिओ केळीची वाळकी पानं छाटत राहिला. हा मेला धड भांडतही नाही, याचाच तिला जास्त संताप येई.

तिच्या केळीबागेच्या कडेला, चांगली तिच्या हद्दीत, त्याने इसाले लावली होती. किलिमांजारोच्या त्या उतारावर इसाले म्हणजे साधंसुधं झाड नव्हे. जमिनीची हद्द तेच दाखवतं, थडग्याच्या उशाशी तेच लावतात, आणि त्याचं गाठ मारलेलं पान कुणी पुढे केलं की कसलाही अपराध माफ करावाच लागतो. असलं झाड खोट्या कामाला लावायचं म्हणजे हद्द झाली. लावली होती तीही वेडीवाकडी, धड ओळीतही नाहीत. चोराला घाई, दुसरं काय!

नवरा एलियावोनी मागच्या मोठ्या पावसात मोंबासाला गेला तो गेलाच. "मीच त्याला मोशीच्या स्टँडवर मोंबासाच्या बसमध्ये बसवला," असं न्देसारिओने सांगितलं होतं. तिकडे त्याने दुसरी ठेवली, असं गाव बोललं. नाएली रडली, मग डोळे पुसून तिने कुदळ धरली. दोन मुली होत्या आणि एवढीच बाग. आज कडेचा तुकडा सोडला तर उद्या दीर चुलीपर्यंत येणार, हे तिला स्पष्ट दिसत होतं.

पण इसाले महाचिवट. खोडाचा तुकडा ओल्या मातीत खोचला की रुजतो, छाटलं तर बुडख्यातून फुटतं. तिने उपटावं आणि त्याने खोचावं, असं चाललेलं. यंदा तिच्या नजरेतून सुटलेल्या एका झाडाला तुरा आला. इसाले क्वचितच फुलतं. पांढरी फुलं, घमघमाट आणि मधमाश्या. शेजारणी मुद्दाम बघायला आल्या.

"नशीब काढलंस गं!" एक म्हणाली.

"चोराच्या झाडाचं कसलं नशीब?" म्हणत नाएलीने कोयत्याने तुरा उडवला. शेजारणींनी तोंडावर हात नेले.

बाजाराच्या दिवशी तिने चारचौघांत सांगून टाकलं, "उद्या माणसं लावून ती जागा खोल खणून काढणार. एक मूळ ठेवणार नाही. कॉफी लावणार तिथे."

न्देसारिओ बाजारातून तिच्या मागोमाग घरापर्यंत आला.

"वहिनी, तिथे खणू नका. त्याच्या दुप्पट जमीन माझ्या बाजूची घ्या."

"दुप्पट? एवढा दानशूर कधीपासून झालास?"

"घ्या ना. पंचांसमोर देतो."

"म्हणजे त्या तुकड्यात काहीतरी घबाड आहे! आता तर खणणारच."

"वहिनी, हात जोडतो."

"हातच जोडायचे होते तर आधी आवरायचे होते. चल, नीघ."

सकाळी खणणारी माणसं आली. त्यांच्या मागून न्देसारिओ आला, कुळातल्या म्हाताऱ्या तेमूंना घेऊन. त्याच्या हातात इसालेचं गाठ मारलेलं पान होतं. तिच्यासमोर त्याने गुडघे टेकले.

नाएलीचं डोकं भणभणलं. पान नाकारलं असतं तर कुळाने तिला वाळीत टाकलं असतं, हे ओळखूनच लबाड आला होता. पण माफी मागितली म्हणजे चोरी कबूल झाली, जमीन वाचली. तिने पान जवळजवळ हिसकावलंच.

"थांब पोरी," तेमू म्हणाले. "आधी त्याला अपराध तर सांगू दे."

"सांगायचं काय त्यात? गावातल्या कोंबड्यांनाही ठाऊक आहे. केलं माफ! सगळ्यांदेखत केलं. आता ऊठ आणि ती जागा सोड."

"शब्द दिलात, वहिनी?"

"दिला, दिला! उगाच नाटकं नकोत."

तेमूंनी मान डोलावली. पान घेतलं, शब्द दिला, प्रकरण मिटलं. खणणारे कुदळी उचलून त्या कडेकडे निघाले.

न्देसारिओ उठला नाही.

"ती इसाले हद्दीची नव्हती, वहिनी," तो मातीकडे बघत म्हणाला. "दादाच्या उशाशी लावली होती मी."